बंदुकीची बातमी आणि वाचकाची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या मुलांना आपण अक्षरे वाचायला शिकवतो. पण बातमी वाचायला शिकवतो का? आज मला एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे, आणि त्यासाठी मी एक उदाहरण निवडले आहे. ते अमेरिकेतले आहे. तिथे बंदुकांची प्रदर्शने भरतात, त्यांना 'गन शो' म्हणतात. या प्रदर्शनांवरून आणि एकंदर बंदुकांवरील नियंत्रणावरून त्या देशात कित्येक वर्षे वाद चालू आहे, आणि त्या वादाच्या बातम्या आपल्याकडेही येऊन पोहोचतात.

उदाहरण दूरचे का घेतले, असे कोणी विचारील. घरच्या भांडणात आपण कोणत्या ना कोणत्या बाजूचे असतो. परक्या घरच्या वादाकडे शांतपणे पाहता येते, आणि तिथे जे शिकायला मिळते ते पुढे आपल्या घरीही उपयोगी पडते. शिवाय हे उदाहरण अगदीच परके नाही. आपल्या ओळखीच्या किती तरी घरांतील मुले-मुली तिकडे शिकतात, नोकरी करतात. तिकडे कुठे गोळीबार झाला की इकडे फोन वाजू लागतात. त्या फोनच्या मागोमाग आणखी एक काळजी येते. ती कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही. तिच्याविषयी मी शेवटी बोलणार आहे.

आधी हा गन शो म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे मैदानावर किंवा मोठ्या सभागृहात पुस्तकांचे वा शेतीच्या अवजारांचे प्रदर्शन भरते, तसेच हे शनिवार-रविवारी भरते. तिकीट काढून आत जायचे. टेबले मांडलेली असतात. त्यांवर नव्या-जुन्या बंदुका, काडतुसे, चाकू, जुन्या लढायांतील पदके, गणवेश असे सारे विक्रीला असते. अमेरिकन सरकारच्या बंदुकविषयक खात्याने १९९९ मध्ये एक अहवाल काढला. त्यात १९९८ या एका वर्षात अशा ४,४४२ प्रदर्शनांच्या जाहिराती झाल्याची नोंद आहे.

आपल्याला याचे नवल वाटते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना आणि मग शस्त्र. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने परवाना लागतो तो विकण्याचा धंदा करणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला नव्हे. काही राज्यांनी आपापले अधिक कडक कायदे केले आहेत, ती गोष्ट वेगळी. तिथल्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे कलम आहे, आणि तो हक्क एकेका नागरिकाचा आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या देशात सामान्य नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक.

आता कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचा वाद कळणार नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ज्या रायफलने तो झाला ती एका नियतकालिकातील जाहिरात पाहून, खोट्या नावाने, टपालाने मागवलेली होती. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही खून झाले. त्याच वर्षी कायदा झाला. टपालाने घरपोच बंदूक मागवणे बंद झाले, विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला, आणि गुन्हेगार ठरलेल्या व इतर काही व्यक्तींना बंदूक विकण्यास मनाई झाली. १९८६ च्या दुरुस्तीने परवानाधारक दुकानदाराला आपल्या राज्यातील प्रदर्शनात जाऊन विक्री करण्याची मुभा मिळाली. १९९३ साली आणखी एक कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये जो हल्ला झाला, त्यात जायबंदी झालेले त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याने दुकानदारावर गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी करण्याचे बंधन घातले. ३० नोव्हेंबर १९९८ पासून ही चौकशी एफबीआयच्या संगणकावरून होऊ लागली.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बंधन आहे ते परवानाधारक विक्रेत्यावर. तो दुकानात विको की प्रदर्शनात, त्याला चौकशी करावीच लागते. पण जो धंदा करत नाही, आपल्याजवळची एखादी बंदूक अधूनमधून विकतो, त्या खासगी माणसावर संघराज्याच्या कायद्याने हे बंधन नाही. मग तो प्रदर्शनात विको, घराच्या ओसरीवर विको की जाहिरात देऊन विको. समोरचा माणूस अपात्र आहे हे ठाऊक असताना त्याने विकू नये, हे बंधन मात्र त्याच्यावर आहे. म्हणजे कायद्यातला फरक विकणाऱ्यावरून पडतो, जागेवरून पडत नाही.

मग प्रदर्शनाचे नाव एवढे का गाजले? त्याचे कारण २० एप्रिल १९९९ चा दिवस. कोलोरॅडो राज्यातील कोलंबाईन या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक यांचे प्राण घेतले आणि मग स्वतःचाही अंत केला. त्यांच्याजवळच्या चार बंदुकांपैकी तीन डेन्व्हर शहराजवळच्या एका प्रदर्शनातून आल्या होत्या. दोघांचेही वय तेव्हा अठराच्या आत होते, म्हणून त्यांच्या एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने त्या खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या. पुढे तिने राज्याच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली. कसलीही चौकशी होणार असती किंवा नावगाव द्यावे लागले असते, तर आपण त्या बंदुका घेतल्या नसत्या, असे तिने सांगितले.

या घटनेनंतर 'गन शो लूपहोल' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनच्या पडद्यावर रोजचा झाला. मराठीत त्याचे भाषांतर 'पळवाट' असे होते. २० मे १९९९ रोजी सिनेटमध्ये ही वाट बंद करण्याच्या सूचनेवर मतदान झाले. समसमान मते पडली, आणि उपराष्ट्राध्यक्ष अल् गोर यांनी आपले मत टाकल्यावर ५१ विरुद्ध ५० अशी ती मंजूर झाली. प्रतिनिधिगृहात मात्र ती अडली. कोलोरॅडोतील मतदारांनी थांबायचे नाही असे ठरवले. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ७० टक्के मतदारांनी कौल देऊन आपल्या राज्यापुरती प्रदर्शनातील प्रत्येक विक्रीला चौकशी सक्तीची केली.

विद्यार्थी मित्रहो, इथे तुमचा पहिला धडा आहे. बातमीतला शब्द तपासा. 'पळवाट' म्हटले की कोणीतरी लबाडीने कायद्यातून निसटत आहे असे चित्र उभे राहते. बंदुकांच्या बाजूचे लोक म्हणतात की ही पळवाट नव्हे, खासगी माणसाला कायद्यानेच दिलेली मोकळीक आहे. ते आणखी असेही म्हणतात की त्या मुलीवर कसलाही गुन्हा नव्हता, चौकशी झाली असती तरी ती पार पडली असती. नियंत्रणाच्या बाजूचे लोक म्हणतात की तिने स्वतःच सांगितले, कागदावर सही करायची पाळी आली असती तर ती मागे फिरली असती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. 'पळवाट' हा शब्द छापला की वाचकाच्या मनात निकाल आधीच लागतो, आणि 'हक्क' हा शब्द छापला की उलटा निकाल लागतो. दोन्ही शब्द बाजूला ठेवून साध्या भाषेत विचारा: कोणी, कोणाला, कोणत्या नियमाखाली विकले? मग विचार करायला जागा मिळते.

दुसरा धडा आकड्यांचा. १६ जानेवारी २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जाहीरपणे सांगितले की सुमारे ४० टक्क्यांपर्यंत बंदूकखरेदी चौकशीविना होते. हा आकडा असंख्य बातम्यांत आला. तो आला कुठून? १९९४ च्या एका पाहणीतून. त्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे होती २५१. विचारले होते १९९३-९४ च्या सुमारास मिळालेल्या बंदुकांविषयी, आणि चौकशीचा कायदा तर फेब्रुवारी १९९४ मध्ये अमलात आला. उत्तरांत भेट मिळालेल्या आणि वारशाने आलेल्या बंदुकाही होत्या. मूळ टक्का ३६ च्या आसपास होता, त्याचे पुढे ४० झाले. एवढ्याशा पाहणीतला आकडा वीस वर्षे देशभर फिरत राहिला. पुढे २०१७ च्या आरंभी नवी, मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मागील दोन वर्षांत ज्यांनी बंदूक मिळवली त्यांच्यापैकी २२ टक्के लोकांची चौकशी झालेली नव्हती असे आढळले. बावीस टक्के हाही काही लहान आकडा नव्हे. मग चाळीस सांगायची गरज काय होती? खरी बाजू मांडणाऱ्यानेही आकडा सैल हाताने वापरला की समोरच्याला सारी बाजूच खोटी म्हणायला जागा मिळते.

हे एकाच बाजूने होते असे समजू नका. बंदुकांच्या बाजूचे लोक दुसरा एक आकडा पुढे करतात. २०१६ साली सरकारने तुरुंगांतील कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांच्यापैकी जेमतेम ०.८ टक्के कैद्यांनी ती प्रदर्शनातून घेतल्याचे सांगितले. ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरून किंवा चोरबाजारातून घेतली होती, आणि सुमारे एक चतुर्थांश जणांनी नातेवाईक वा मित्रांकडून मिळवली होती. म्हणजे प्रदर्शनाचा प्रश्न अगदी क्षुल्लक, असे हे लोक म्हणतात. आता त्याच सरकारचा दुसरा अहवाल पाहा. जुलै १९९६ ते डिसेंबर १९९८ या काळात बंदुकांच्या बेकायदा व्यापाराचे १,५३० तपास झाले. त्यांत ८४ हजारांवर बंदुका गुंतलेल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे २६ हजारांचा संबंध प्रदर्शनांशी होता. म्हणजे प्रश्न फार मोठा!

हे दोन्ही आकडे सरकारी. मग खरे कोणते मानायचे? दोन्ही. समजा, आपल्या गल्लीत हातगाडीवरून आंबे घेणाऱ्या शंभर जणांना विचारले की आंबा कुठून आणला, तर ते म्हणतील, "हातगाडीवरून." वाशीच्या घाऊक बाजाराचे नाव क्वचितच कोणी घेईल. म्हणून वाशीचा बाजार क्षुल्लक ठरतो का? तो हातगाडीवाला माल कुठून आणतो ते विचारले पाहिजे. कैद्याने सांगितला तो शेवटचा हात. तपासात सापडला तो मधला हात. एक आकडा दुसऱ्याला खोटे पाडत नाही. पण एका वर्तमानपत्रात एक आणि दुसऱ्यात दुसरा छापला जातो. दोन्ही एकत्र ठेवण्याचे काम वाचकावर पडते. म्हणून टक्केवारी दिसली की विचारा: कोणाला विचारले? काय मोजले? केव्हा मोजले?

तिसरा धडा असा की कॅमेरा जिथे जातो तिथेच प्रश्न असतो असे नाही. प्रदर्शन हे छायाचित्राला सोयीचे ठिकाण आहे. लांबच लांब टेबले, त्यांवर ओळीने रायफली, त्या हाताळणारी माणसे. कुठेही गोळीबार झाला, तरी त्याच्या बातमीसोबत हे दृश्य दाखवता येते. पण पुढच्या मोठ्या घटनांतील बंदुका आल्या कुठून ते पाहा. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. मारेकऱ्याने बंदुका परवानाधारक विक्रेत्यांकडून, चौकशी पार पाडून घेतल्या होत्या. त्याच्या मानसिक प्रकृतीविषयी न्यायालयाने दिलेल्या आदेशाची नोंद संगणकात पोहोचलीच नव्हती. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत २० बालके आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हाच्या बंदुका मारेकऱ्याच्या आईने कायदेशीर विकत घेतलेल्या होत्या. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ भाविक मारले गेले. तिथे चौकशीचे उत्तर वेळेत आले नाही. तीन कामकाजाचे दिवस उलटले की दुकानदाराला विक्री करता येते, त्या नियमाने ती झाली. मे २०२२ मध्ये युवाल्डी येथे १९ मुले व २ शिक्षिका गेल्या. मारेकरी अठरा वर्षांचा होताच त्याने परवानाधारक दुकानातून खरेदी केली होती. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधील मिडलंड-ओडेसा येथे सात जणांना मारणारा? त्याला २०१४ साली दुकानातील चौकशीत नकार मिळाला होता. पुढे त्याने एका खासगी माणसाकडून रायफल घेतली. ती विक्री प्रदर्शनात झालेली नव्हती, आणि परवान्याविना धंदा केल्याबद्दल त्या विक्रेत्याला नंतर शिक्षा झाली.

म्हणजे कुठे नोंद पोहोचली नाही, कुठे मुदत अपुरी पडली, कुठे घरातले कपाट उघडे राहिले, तर कुठे खासगी विक्री झाली. या साऱ्यांचे छायाचित्र काढता येत नाही. न पाठवलेल्या कागदाचा फोटो कसा काढणार?

आणि मृत्यूंचा हिशेब पाहिला तर कॅमेऱ्याची नजर आणखीच अपुरी ठरते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी आत्महत्या केली होती. निम्म्याहून अधिक! २०,९५८ खून होते. ज्या सामूहिक गोळीबारांच्या बातम्या आपण आठवडाभर पाहतो, त्यांतले बळी किती? एफबीआयच्या व्याख्येप्रमाणे त्या वर्षी १०३. दुसऱ्या एका नोंदवहीच्या व्याख्येप्रमाणे, जिथे चार किंवा अधिक जणांना गोळी लागली अशी प्रत्येक घटना धरली तर ७०६. व्याख्या बदलली की आकडा जवळजवळ सातपट होतो; आणि कोणतीही व्याख्या घेतली तरी बंद खोलीत एकट्याने मरणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी राहते. त्यांच्या दाराशी वार्ताहर जात नाहीत. जाऊही नये, असे काही जण म्हणतील. पण जो पालक फक्त पडद्यावरची बातमी पाहतो, त्याला वाटते की धोका अनोळखी माणसाकडून आहे. घरात निराश होऊन बसलेल्या मुलाकडे आणि कुलूप नसलेल्या कपाटाकडे त्याचे लक्ष जात नाही. इथे बातमीचा तोकडेपणा जिवावर बेततो.

याचा अर्थ वृत्तपत्रांनी काहीच केले नाही असा नाही. त्यांनी विचारले म्हणून तर कोलंबाईनच्या बंदुकांचा माग लोकांना कळला. पण पुरावा पाहतानाही सावध असावे. २००९ साली न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाने नेवाडा, ओहायो आणि टेनेसी या राज्यांतील सात प्रदर्शनांत गुप्त कॅमेऱ्यांसह माणसे पाठवली. "माझी चौकशी बहुधा पार पडणार नाही," असे गिऱ्हाइकाने सांगितल्यावरही ३० पैकी १९ खासगी विक्रेत्यांनी बंदूक विकली. ती चित्रफीत पाहून कोणाचेही मन अस्वस्थ होईल. आता दुसरी पाहणी घ्या. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये आपला अहवाल दिला. त्यांच्या माणसांनी इंटरनेटच्या उघड भागावर अपात्र गिऱ्हाईक म्हणून ७२ वेळा प्रयत्न केले, आणि एकदाही बंदूक मिळाली नाही. गुप्त जाळ्यावर मात्र सात प्रयत्नांत दोनदा मिळाली. पहिली पाहणी वाचणारा म्हणेल, सारे खासगी विक्रेते बेफिकीर. दुसरी वाचणारा म्हणेल, सारे सावध. दोन्ही वाचणारा म्हणेल की जागा, वेळ आणि माणूस पाहून गोष्ट बदलते, आणि म्हणून विक्रेत्याच्या सदसद्विवेकावर सोडण्याऐवजी सर्वांना एक नियम असावा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर प्रत्येक विक्रीत चौकशी असावी असे मला वाटते. कॅलिफोर्नियात १९९१ पासून खासगी विक्रीही दुकानदारामार्फतच करावी लागते, आणि तिथे प्रामाणिक माणसाला बंदूक मिळेनाशी झाली असे काही घडले नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये अशा सूचनेला ५४ मते पडली. साठ हवी होती. जून २०२२ च्या कायद्याने 'धंदा' या शब्दाची व्याख्या थोडी रुंद केली. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने त्यावरून नियम काढला, आणि त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिले गेले. हे माझे मत झाले. तुमचे वेगळे असू शकते. पण माझे मत आहे म्हणून माझ्या बाजूचा चाळीसचा आकडा मी डोळे मिटून घेणार नाही, हे मला तुम्हाला सांगायचे आहे.

आता ज्या काळजीचा मी आरंभी उल्लेख केला तिच्याकडे येतो. गोळीबाराची बातमी आली, आपले मूल सुखरूप आहे असा फोन आला, तरी आपण पडद्यासमोरून उठत नाही. आपण मारेकऱ्याच्या नावाची वाट पाहत असतो. ते नाव आपल्यापैकी कोणाचे नसावे अशी मनोमन प्रार्थना करतो. ही भीती उगाच नाही. अमेरिकेतील २००६ ते २०१५ या काळातील दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हल्लेखोर मुसलमान असेल तर त्या हल्ल्याला इतरांच्या मानाने सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाली होती, असे त्यात आढळले. एका माणसाचे नाव छापले जाते आणि त्याचा हिशेब लाखो माणसांकडे मागितला जातो. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आहे असे आपण म्हटलेच पाहिजे.

पण तेच माप आपण इतरांना लावतो का? डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हूकनंतर थोड्याच दिवसांत, न्यूयॉर्कजवळच्या एका वर्तमानपत्राने दोन जिल्ह्यांतील पिस्तूल-परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर प्रसिद्ध केले. माहिती सरकारी दफ्तरातली, कायद्याने मिळालेली होती. पण ज्यांनी कसलाही गुन्हा केला नव्हता, उलट रीतसर परवाना घेतला होता, ती माणसे एका मारेकऱ्याच्या बातमीमागोमाग नकाशावर ठिपके होऊन उभी राहिली. मोठा ओरडा झाला, आणि पुढच्या महिन्यात तो नकाशा काढून घेतला गेला. आपल्याला गन शोमधला माणूस दाखवला की आपणही लगेच म्हणतो, "हे सगळे असेच!" तो शिकारी असेल, जुन्या वस्तूंचा संग्राहक असेल, खेड्यातला शेतकरी असेल. एकाच्या नावाने सर्वांना रंगवू नका, ही आपली तक्रार खरी असेल, तर ती आपल्या तोंडून दुसऱ्यासाठीही निघाली पाहिजे.

आणि बातमी वेगळ्या रीतीने देता येते याचेही उदाहरण आहे. त्यासाठी अमेरिका सोडून न्यूझीलंडला यावे लागेल. १५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारी, ख्राइस्टचर्च शहरातील दोन मशिदींत ५१ नमाजी शहीद झाले. त्यांत आपले भारतीय नागरिकही होते. तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले की आपण त्या मारेकऱ्याचे नाव कधीही उच्चारणार नाही. देशातील पाच प्रमुख वृत्तसंस्थांनी एकत्र बसून ठरवले की खटल्याच्या वार्तांकनातून त्याच्या विषारी विचारांचा आणि खुणांचा प्रचार होऊ द्यायचा नाही. १० एप्रिल रोजी, महिनाही उलटला नव्हता, तोवर संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. त्यांनी बातमी दडपली नाही. उलट पुढे चौकशी आयोगाने मारेकऱ्याच्या परवान्याची छाननी पोलिसांनी नीट केली नव्हती हे उघड सांगितले, आणि तेही छापले गेले. नाव मागे राहिले, चूक पुढे आली. बातमीचे काम हेच आहे.

पालकहो, एक छोटी विनंती. आता बातमी कागदावर येण्याआधी हातातल्या फोनवर येते, आणि येताच पुढे धाडली जाते. घरात एक रिवाज पाडा. अशी बातमी आली की ती पुढे धाडण्याआधी मुलालाच विचारा: यातला कोणता शब्द निकाल देऊन टाकतो? आकडा असेल तर कोणाला विचारून काढला? या चित्रात काय आलेले नाही? उत्तर न आल्यास बातमी तिथेच थांबू द्या. एका दिवसाने काही बिघडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वक्तृत्वस्पर्धेत एखाद्या वर्षी असा नियम करून पाहा की प्रत्येकाने आधी आपल्याला न पटणारी बाजू मांडायची, आणि ती इतकी चांगली मांडायची की त्या बाजूच्या माणसाने म्हणावे, "होय, मला हेच म्हणायचे होते." मग स्वतःची बाजू मांडायची. उद्या तुमच्यातून कोणी वार्ताहर होईल, कोणी वकील, कोणी शिक्षक होईल. ज्यांच्याविषयी घाईने आणि अर्धवट लिहिले गेले त्यांच्या घरांत तुम्ही वाढला आहात. त्यामुळे कोणाविषयीही घाईने आणि अर्धवट न लिहिण्याची जबाबदारी तुमच्यावर इतरांपेक्षा थोडी अधिक आहे.